पहिल्या दिवशी पटलावर काय येतं ते बघा

विधिमंडळ अधिवेशनाचा पहिला दिवस शोकप्रस्तावातच, म्हणजे दिवंगत सदस्यांना श्रद्धांजली वाहण्यातच वाया जातो, असं काही जण म्हणतात. मला नाही पटत. टीव्हीवर विधानभवनाच्या पायऱ्यांवरच्या घोषणा दिसतात, पण महत्त्वाचं काम आत होतं. मंत्री उठतात, अध्यादेश (अधिवेशन नसताना राज्यपालांनी काढलेला तात्पुरता कायदा) 'सभागृहासमोर ठेवतो' असं एक वाक्य बोलतात आणि बसतात. त्या वाक्याला वजन आहे. राज्यघटनेच्या कलम २१३ प्रमाणे अधिवेशन सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत कायदा झाला नाही तर तो अध्यादेश आपोआप संपतो. पुरवणी मागण्याही, म्हणजे सरकारने मागितलेला जादा निधी, बहुधा त्याच दिवशी मांडल्या जातात. अर्थसंकल्पाबाहेरचा खर्च कुठल्या खात्यात वाढला ते त्यात कळतं, म्हणून मी आधी त्या मागण्यांचीच पुस्तिका उघडतो.

नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात राज्यपालांचं अभिभाषण का नसतं, असंही काही जण विचारतात. कलम १७६ नुसार ते निवडणुकीनंतरच्या पहिल्या आणि दरवर्षीच्या पहिल्या अधिवेशनातच असतं. आपल्याकडे वर्षाचं पहिलं अधिवेशन म्हणजे सहसा अर्थसंकल्पी.

आणि शोकप्रस्ताव तर हवाच. एखाद्या जुन्या आमदाराने तालुक्यात पाणी कसं आणलं, हे विधिमंडळाच्या नोंदीत कायमचं राहतं.