मदत हवी आहे: पत्रकार भावाला मारहाण, सोलापूर कोर्टातला वकील सुचवा

नमस्कार. माझा धाकटा भाऊ मोहोळ तालुक्यातून एका साप्ताहिकाला बातम्या देतो. सीना नदीतल्या वाळूउपशाची बातमी आल्यावर त्याला रस्त्यात अडवून मारलं, मोबाइल फोडला. पोलिसांनी फक्त एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, ज्यात कोर्टाच्या आदेशाशिवाय तपास होत नाही) घेतली. महाराष्ट्राच्या २०१७ च्या पत्रकार संरक्षण कायद्यात असा हल्ला दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मग एनसी कशी?

खरी अडचण पुढे आहे. त्याच्याकडे नेमणूकपत्र नाही, बातमीमागे मानधन मिळतं. कोर्टात तो पत्रकार ठरेल का? छापील बातम्या, बँकेतल्या नोंदी पुरतील? पोलिसांना तपासाचा आदेश द्यावा म्हणून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम १७५(३) खाली मॅजिस्ट्रेटकडे अर्ज केलेला कुणी आहे का? साक्षीदार शेतकरी घाबरलाय, त्याला संरक्षण कसं मागायचं? सोलापूर कोर्टात अशी केस लढलेले वकील कृपया सुचवा. आई त्याला घराबाहेर पडू देत नाही.