मालदीवने भिंत बांधावी, रडगाणं थांबवावं?

शिवडीची खाडी
समुद्र चढून मालदीव बुडेल, या चर्चेत काल इथे कुणीतरी लिहिलं, "मुंबईने भराव टाकून सात बेटं जोडली, मालदीवनेही तेच करावं." अहो, मुंबईच्या पोटात कातळ आहे, मालदीवच्या पोटात पोवळ्यांची वाळू. भरतीचं पाणी भिंतीखालून झिरपतं. त्या वाळूत पावसाचं गोडं पाणी खाऱ्यावर तरंगतं: समुद्रपातळीच्या वर १ फूट, तर खाली साधारण ४० फूट. पंपाने वरचा अर्धा फूट ओढला की खालून खारं पाणी २० फूट चढू पाहतं. विहीर नासते ती अशी, बेट बुडायच्या कितीतरी आधी.

भराववाला, दादर
भिंतीला नावं ठेवू नका. १९८७ च्या लाटांनंतर जपानच्या मदतीने मालेभोवती बांध आणि टेट्रापॉड (लाटा फोडणारे चार पायांचे काँक्रीटचे ठोकळे) आले, म्हणून २००४ च्या त्सुनामीत राजधानी तरली. मालेशेजारचं हुलहुमाले बेट भरावावरच उभं आहे, समुद्रसपाटीपासून सुमारे २ मीटर. आणि प्रशांत महासागरातल्या तुवालू बेटांची जमीन १९७१ ते २०१४ मध्ये २.९ टक्के वाढली, ते कसं विसरता?

शिवडीची खाडी
वाढली, कारण जिवंत पोवळी वाळू पुरवतात! भरावासाठी तुम्ही समुद्रतळ उपसणारे ड्रेजर लावता, गाळ पोवळ्यांवर बसतो, ती गुदमरतात. मग पुढची वाळू आणणार कुठून?

भराववाला, दादर
आणि पाण्याचं म्हणाल तर समुद्राचं पाणी गोडं करणारे आरओ प्लांट आहेत. विषय संपला.

मनोरी काठ
संपला कसा? ४ डिसेंबर २०१४ ला मालेच्या प्लांटला आग लागली आणि अख्खं शहर कोरडं पडलं. विमानांनी पाणी गेलं, आपल्या मुंबईहून नौदलाचं जहाज 'आयएनएस दीपक' सुमारे हजार टन घेऊन निघालं. एकाच प्लांटवर शहर टांगलं की हेच होणार. आता मुंबईत मनोरीला असाच रोज २०० दशलक्ष लिटरचा प्रकल्प आणताय. ४० टक्के गोडं पाणी निघालं असं धरा, म्हणजे रोज ३०० दशलक्ष लिटर दाट खारं पाणी परत समुद्रात. कुठे सोडणार? खाडीच्या तोंडाशी सोडलंत तर मासळीच्या पिल्लांचं काय?

भराववाला, दादर
खोल समुद्रात पाइप नेऊन, टोकाला बारीक तोंडं देऊन सोडतात. उगाच भीती घालू नका. तलाव आटले की टँकरमागे तुम्हीच धावाल.

मनोरी काठ
पाइप किती लांब, प्रवाह कोणत्या दिशेचा, भरती-ओहोटी दोन्ही वेळी मोजला का, ते सांगा. घनमीटरला साडेतीन युनिट वीज धरली तरी रोज सात लाख युनिट. मुंबई ते बिल भरेल. मालदीवची लहान बेटं त्यासाठी डिझेल बोटीने आणतात. बोट अडकली की नळ बंद.

भराववाला, दादर
बरं बाबा, डिझेलचं मान्य. भिंत खालून गळते हेही मान्य. पण राजधानीला भिंत लागणारच, त्यावर मी ठाम आहे.

शिवडीची खाडी
राजधानीला ठेवा. बाकी बेटांवर आधी छपराचं पाणी धरा. ५० चौरस मीटर पत्र्यावर १०० मिलिमीटर पाऊस पडला की गळती धरूनही चार हजार लिटर. जानेवारी ते मार्च कोरडे. पाच माणसांना पिण्या-रांधण्यापुरतं रोज माणशी १० लिटर धरलं तर ९० दिवसांना ४,५०० लागतात, म्हणजे घरटी पाच हजाराची एक टाकी. पहिल्या सरीचं पाणी वळवून टाकायला पन्हाळीला वेगळा पाइप लावा, नाहीतर पक्ष्यांची घाण थेट टाकीत.