कृतज्ञतेची वही देऊन थकवा जातो का?

मधलीसुट्टी

परवा इथे एका मानसोपचारतज्ज्ञांनी लिहिलं की आपल्या क्षेत्रातली माणसं फार कुरकुरतात. लोक आपल्यापुढे मन उघडं करतात हे भाग्य समजा, रोज रात्री त्याबद्दल तीन ओळी लिहा, थकवा जाईल. आणि हे ज्यांना जमत नाही त्यांनी या कामात राहावंच कशाला? दोन दिवस गप्प बसले, आता राहवत नाही.

अकरा वर्षं समुपदेशन करतेय. भाग्य वाटतं का? वाटतं. एक मुलगी चार महिने येऊन नुसती बसून जायची. एक दिवस म्हणाली, "आज मला भूक लागली होती." त्या वाक्यावर मी पुढचे कित्येक दिवस काढले. हे मला कुणी लिहायला सांगावं लागलं नाही.

पण त्याच सुमारास आमच्याकडच्या दोघी काम सोडून गेल्या. त्यांच्या केसेस आम्हा तिघींत वाटल्या गेल्या. दिवसाला आठ-नऊ सेशन्स. शेवटच्या माणसाचं नाव सेशनमध्येच विसरायला लागले, तेव्हा घाबरून वरिष्ठांकडे सुपरविजन मागितलं, म्हणजे त्यांच्यासमोर बसून आपल्या केसेसबद्दल बोलायचा ठरलेला तास. हातात पडली एक छापील वही. पहिल्या पानावर 'आज मी कशाबद्दल कृतज्ञ आहे?'

मी ती उघडली नाही. कामाचं वाटप ज्याच्या हातात आहे, त्यानं माझ्याकडे कृतज्ञता मागू नये.

जुना_वड

ती पोस्ट माझी, तेव्हा उत्तर मीच देतो. 'राहावंच कशाला' हे जरा कडक झालं, ते मागे घेतो. बाकी एक शब्दही नाही.

३४ वर्षं काम केलं. सुरुवातीला साठ खाटांच्या वॉर्डात आम्ही दोन डॉक्टर होतो. तिसऱ्या वर्षी अशी वेळ आली की फोन वाजला की अंगावर काटा यायचा आणि पेशंटचा चेहरा बघण्याआधी फाइलची जाडी बघायचो. आमच्या वरिष्ठांनी सांगितलं, रोज एकाच पेशंटबद्दल लिही. लिहीत गेलो. १९ वह्या आहेत. खाटा साठच राहिल्या, मी टिकलो. ओझं कमी होण्याची वाट बघत बसलो असतो तर मी केव्हाच दुसरा धंदा धरला असता.

अर्धविराम

दोघांनाही थोडं थोडं लागेल असं लिहितोय.

मधलीसुट्टी, वही अगदीच निरुपयोगी नाही. कृतज्ञता लिहून काढण्यावरचा एमन्स आणि मॅकलॉ यांचा २००३ चा अभ्यास सगळे सांगतात, पण त्यात विद्यार्थी होते आणि स्नायू-मज्जातंतूंचे आजार असलेली माणसं होती, आपल्यासारखे कुणी नव्हते. २०१५ मध्ये हाँगकाँगच्या रुग्णालयांतल्या १०२ आरोग्य कर्मचाऱ्यांवरचा अभ्यास जास्त जवळचा आहे. एका गटानं चार आठवडे, आठवड्यातून दोनदा, कामातल्या कृतज्ञतेबद्दल लिहिलं. त्यांचा ताण आणि नैराश्याची लक्षणं कमी झाली.

आता जुना_वड, तुमच्यासाठी. आयसीडी-११ या आजारांच्या यादीत जागतिक आरोग्य संघटनेनं बर्नआउटला, म्हणजे कामातून येणाऱ्या या थकव्याला, आजार म्हटलेलं नाही. कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा ताण नीट न हाताळल्यामुळे होणारी गोष्ट, असं म्हटलंय. 'कामाच्या ठिकाणचा' हे शब्द तुमच्या पोस्टमध्ये कुठे आहेत? मानसशास्त्रज्ञ मास्लाक यांच्या बर्नआउटच्या मोजपट्टीत तीन गोष्टी येतात: भावनिक थकवा, समोरच्याकडे माणूस म्हणून न बघणं, आणि आपल्या हातून काही होतंय ही भावना कमी होणं. माझ्या मते वहीचा खरा उपयोग तिसरीला. नवव्या सेशननंतर जी माणूस रिकामी झाली आहे, तिला वही काय देणार?

रात्रपाळी

सगळं डॉक्टर आणि समुपदेशकांचंच चाललंय. वॉर्डात आम्ही नर्सेसही असतो.

स्वतःला इजा करण्याचा धोका असलेला एक पेशंट होता. दर पंधरा मिनिटांनी जाऊन बघायचं, नोंद करायची. अशा सतरा रात्री मी केल्या. त्यानं मला शिव्या दिल्या, एकदा हातातला ट्रे उडवला. डिस्चार्जला घरच्यांनी आभाराचं पत्र दिलं, ते वॉर्डात मोठ्यानं वाचलं गेलं. डॉक्टरांचं नाव, थेरपिस्टचं नाव. आमच्या ड्युटीतल्या एकीचंही नाही, अ‍ॅटेंडंटचं तर सोडाच. मग माझ्याकडून कसली कृतज्ञता मागता? आधी ती खालपर्यंत पोचू तर द्या.

खरं सांगायचं तर तोच मुलगा चार महिन्यांनी तपासणीला आला होता. मला शोधत आला. म्हणाला, "रात्री दाराचा आवाज यायचा, तेव्हा कळायचं कुणीतरी आहे." हे मी विसरणार नाही. पण ते मला त्यानं दिलं, संस्थेनं नाही.

खुर्चीपलीकडची

मी तुमच्यातली नाही, समोरच्या खुर्चीत बसणारी आहे. लिहावं की नाही कळत नव्हतं.

शेवटच्या सेशनला माझ्या थेरपिस्ट म्हणाल्या, "तुमच्याबरोबर काम करायला मिळालं, याबद्दल मी तुमची आभारी आहे." मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. जन्मभर मी सगळ्यांच्या गळ्यातलं लोढणं होते. कुणाला माझ्यामुळे काही मिळालं असेल, हे डोक्यातच आलं नव्हतं. घरी जाऊन खूप रडले, पण वेगळं रडले. तुम्हाला वाटत असेल तर बोलून दाखवत जा.

जुना_वड

ताई, तुमचा अनुभव खरा आहे, त्यावर मी बोलणार नाही. पण थेरपिस्टनं हे बोलू नये या मताचा मी आहे. आपल्याकडे येणारी बरीच माणसं लहानपणापासून दुसऱ्यांची मनं सांभाळून थकलेली असतात. डॉक्टर आभार मानायला लागला की ती डॉक्टरलाही सांभाळायला लागतात.

मधलीसुट्टी

म्हणजे आम्ही रोज रात्री वहीत कृतज्ञ व्हायचं आणि ज्याच्यामुळे व्हायचं त्याच्यासमोर तोंड मिटायचं? १९ वह्यांमध्ये ज्यांच्याबद्दल लिहिलंत, त्यांतल्या एकाला तरी कळलं का? ज्या माणसाला आपण कुणाच्या उपयोगाचे नाही असं वाटतं, तिला ते एक वाक्य औषधाइतकं आहे. वर त्या स्वतः सांगताहेत, आणि तुम्ही त्यांनाच नियम शिकवताय!

जुना_वड

शिकवत नाहीये. आवाज खाली घ्या. मी एकाला म्हटलं होतं. पुढच्या खेपेला तो बरा असल्याचं सांगत राहिला. बरा नव्हता. मला वाईट वाटू नये म्हणून लपवत होता. पुढे काय झालं ते इथे लिहिणार नाही.

अर्धविराम

इथे मी जुना_वड यांच्या बाजूनं, नाइलाजानं. चौथ्याच सेशनला एकाला म्हणालो, "विश्वास ठेवलात, आभारी आहे." पुढचे तीन महिने त्याला माझा राग आला तरी तो दाखवेना, कारण मी 'चांगला माणूस' झालो होतो. शेवटच्या भेटीत म्हणणं वेगळं आणि मध्येच म्हणणं वेगळं. खुर्चीपलीकडची, तुमच्या थेरपिस्टनी वेळ बरोबर निवडली.

खुर्चीपलीकडची

मलाही सुरुवातीला म्हटलं असतं तर मी पळूनच गेले असते. एवढं कबूल.

मधलीसुट्टी

ठीक. मध्येच नको, पटलं. जुना_वड, त्या पेशंटबद्दल वाचून मी आवाज चढवायला नको होता असं वाटलं. माफ करा.

पण रागाचा विषय निघालाच आहे तर मूळ मुद्द्यावर येते. उपचार करणाऱ्याच्या मनात रुग्णाबद्दल द्वेषसुद्धा येतो आणि तो ओळखता आला पाहिजे, हे मनोविश्लेषक विनिकॉटनं १९४९ मध्ये लिहून ठेवलंय. आमच्या छापील वहीत त्याला जागाच नाही. सेशनभर घालूनपाडून बोलणाऱ्या माणसानंतर मी त्या पानावर काय लिहू? 'त्याच्याबद्दल कृतज्ञ'? हे खोटं मी लिहिणार नाही.

जुना_वड

माझ्या वहीत आहे ते. 'आज याला दोन थोबाडीत द्याव्याशा वाटल्या' असंही आहे. एकच पेशंट सलग सहा पानं आहे, त्यातली चार पानं नुसता संताप. पाचव्या पानावर पहिल्यांदा त्याच्या आईबद्दल काही सुचलं.

मधलीसुट्टी

आणि ते वाचायचं कोण?

जुना_वड

आमचे वरिष्ठ. दर शनिवारी तासभर. मी वाचायचो, ते ऐकायचे, मध्ये मध्ये विचारायचे.

मधलीसुट्टी

सर, मग ते सुपरविजन होतं! तुम्ही वहीमुळे टिकलात असं दोन दिवस सांगताय आणि शनिवारचा तास आत्ता, एवढ्या भांडणानंतर सांगताय. मी तोच तास मागितला होता. मला तासाऐवजी वही मिळाली.

जुना_वड

वही नसती तर त्या तासात वाचायला काही नसतं, हे माझं अजूनही म्हणणं आहे. पण ते वारल्यावर नंतरच्या वह्या पातळ होत गेल्या, हेही खरं आहे. आत्ता कपाटातून काढून बघितल्या. शेवटच्या तीन तर निम्म्या कोऱ्याच आहेत. तुमचं म्हणणं चूक नाही. पोस्टमध्ये ती ओळ घालतो.

अर्धविराम

सोमवारी तुमची मीटिंग असते ना? वहीला नकार देऊ नका, तास मागा. हाँगकाँगचा अभ्यासही दाखवा, पण ओझं कमी करण्याची मागणी त्याच कागदावर लिहा. नाहीतर नुसता अभ्यास ठेवून घेतील.

मधलीसुट्टी

मागते. नाही मिळाला तर इथे येऊन सांगेन.

रात्रपाळी

मागा जरूर. फक्त त्या तासात आम्ही बसायचं की नाही, आणि बसलो तर तेव्हा वॉर्डात कोण, हेही त्याच कागदावर लिहून घ्या.