मदत हवी आहे: २९ आठवड्यांचं बाळ, आईचीही तब्येत नरम

वहिनीचं बीपी फार वाढल्यामुळे २९व्या आठवड्यात सिझर करावं लागलं. बाळाचं वजन तेव्हा ११०० ग्रॅम. आता सहा महिने झाले, म्हणजे दुरुस्त वय (प्रसूतीच्या मूळ अपेक्षित तारखेपासून मोजलेलं) साधारण साडेतीन महिने. डोळ्यांचा पडदा, कान तपासून झाले, ठीक आहेत. मान अजून पक्की नाही. डॉक्टर म्हणतात, इतक्यात घाबरू नका.

खरी काळजी वहिनीची. गोळ्यांनी बीपी आटोक्यात आहे, पण झोप नाही, सारखं रडू येतं, बाळाशी बोलणंही कमी झालंय. आशाताईंनी समुपदेशन सुचवलं.

आम्ही विट्याजवळ राहतो, एसटीने आठवड्यातून एकदाच सांगली-मिरज जमेल. आरबीएसके या सरकारी बालआरोग्य योजनेच्या डीईआयसीत (मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारं जिल्हा केंद्र) बाळाची विकासतपासणी होते, पण बाळाची फिजिओथेरपी आणि आईचं समुपदेशन एकाच दिवशी, एकाच ठिकाणी कुठे होईल?