मदत हवी आहे: नेटशिवाय चालण्याची नोंद ठेवणारं ॲप

नमस्कार मंडळी. बाळंतपणानंतर वजन उतरवायचं मनावर घेतलंय. सकाळी बेळगावात टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोच्या मोकळ्या आवारात चालते. तिथली झाडं, मोकळी हवा, फार बरं वाटतं. पण रोजचा दीड जीबी डेटा दुपारीच संपतो. व्हॉट्सॲपचं ऑटो-डाउनलोड बंद केल्यावर थोडा फरक पडला. जीपीएसला नेट लागत नाही, नकाशा उघडला की लागतं, एवढं कळलंय. मग नेट बंद ठेवून अंतर नीट नोंदवणारं साधं ॲप कुठलं? गुगल फोटोजमधले फोटो २०२१ पासून गुगलच्या फुकट १५ जीबी जागेतच मोजले जातात, तर बाळाचे फोटो तुम्ही कुठे ठेवता? आणि जवळच्या येळ्ळूरचा राजहंसगड किल्ला चढायचाय. गुडघे सांभाळून तयारी कशी करू? येळ्ळूरकरांनी तर जरूर सांगा.