नेमणुकीपेक्षा फेरनेमणूक बघा

सरकारने भत्ता नाकारला तर त्याविरुद्धचं अपील ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाचे सदस्य स्वतंत्र समितीने निवडले की ते न्यायाधिकरण आपोआप स्वतंत्र होतं, असं म्हटलं जातं. हा मुद्दा मला अर्धाच पटतो. सदस्य आत कसा येतो यावर सगळे बोलतायत, पण मुदत संपल्यावर त्याचं काय होतं? भत्ता नाकारणारंही सरकार, अपील हरणारंही सरकार आणि सदस्याची मुदत वाढवायची की नाही हे ठरवणारंही सरकारच. खरी मेख तिथे आहे.

ऑस्ट्रेलियातलं टेरी कार्नी यांचं उदाहरण घ्या. तिथल्या न्यायाधिकरणाचे सदस्य म्हणून सामाजिक सुरक्षेच्या, म्हणजे सरकारी भत्त्यांच्या, अपिलांवर सुमारे चार दशकं काम केलेले कायद्याचे प्राध्यापक. सरासरी उत्पन्न गृहीत धरून भत्तेदारांवर कर्ज दाखवणारी सरकारची 'रोबोडेट' योजना कायद्यात बसत नाही, असे निर्णय त्यांनी 2017 मध्ये दिले. त्याच वर्षी त्यांची मुदत संपली आणि फेरनेमणूक झाली नाही. एकामुळे दुसरं घडलं असं मी म्हणत नाही. पण शेजारच्या खुर्चीतल्या सदस्याने त्यातून काय अर्थ काढला असेल? शिवाय न्यायाधिकरणाच्या पहिल्या पायरीवरचे असे निर्णय प्रसिद्धच होत नसत आणि सरकारने वर अपीलही केलं नाही. त्यामुळे ते निर्णय फायलीतच राहिले आणि वसुली 2019 पर्यंत चालू राहिली.

पुढे राजकीय नेमणुकांवरून टीका वाढली, ते न्यायाधिकरणच मोडीत निघालं आणि ऑक्टोबर 2024 मध्ये नवं सुरू झालं. तिथे जाहिरात देऊन गुणवत्तेवर निवड करणं आता कायद्यानेच बंधनकारक आहे. माझं मत विचाराल तर एकच लांब मुदत द्यावी, फेरनेमणूक नकोच.