एपिडाऊरस: दवाखाना की देऊळ?

रानवाटा:
अथेन्सहून दिवसभराच्या सहलीत एपिडाऊरसला जाऊन आलो. गाइडबाईंनी सगळा वेळ नाट्यगृहातच घालवला. खाली मध्यभागी नाणं टाकलं, ते 55व्या, म्हणजे शेवटच्या ओळीतल्या बायकोला ऐकू आलं म्हणे. (मला शंका आहे, पण घरात शांतता हवी.) अस्क्लेपियस या ग्रीकांच्या वैद्यदेवाचं देवस्थान मात्र दहा मिनिटांत उरकलं. आजारी माणसं इथे येऊन झोपायची, एवढंच कळलं. नुसती झोपून बरी व्हायची? आणि दवाखान्याला एवढं थोरलं नाट्यगृह कशाला?

सिस्टरकाकू:
नुसती झोप नाही हो. आधी स्नान, देवाला बळी, मग रात्री आबाटोन नावाच्या लांबलचक ओसरीत मुक्काम. स्वप्नात देव येऊन हात लावणार, नाहीतर त्याचा साप चाटून जाणार. बरं झालेल्यांच्या हकिकती तिथेच दगडांवर कोरलेल्या, इ.स.पू. चौथ्या शतकातल्या. म्हणजे पथारी पसरण्याआधीच रोग्याच्या कानावर त्या पडलेल्या.

त्यातला युफानेस माझा लाडका. मुतखड्याने बेजार झालेलं तिथलंच पोर. देव विचारतो, "बरं केलं तर मला काय देशील?" पोर म्हणतं, "दहा सागरगोटे." (होती घोट्याची हाडं, पण खेळायची तशीच.) देवाला हसू फुटतं. सकाळी पोर ठणठणीत. मी 31 वर्षं वॉर्डात काढली. सुई बघून भोकाड पसरणाऱ्या पोराला मीही हेच विचारायचे. एकाने अर्धं बिस्किट कबूल केलं होतं, दिलं नाही.

पण एका गोष्टीचा मला राग आहे. त्या हद्दीत बाळंत व्हायला आणि मरायला बंदी! कळा लागल्या की बाई बाहेर, घरघर लागली की माणूस बाहेर. इ.स. दुसऱ्या शतकात अँटोनिनस नावाच्या रोमन सिनेटरने अशांसाठी घर बांधलं, असं त्याच काळातला ग्रीक प्रवासी लेखक पाउसानियस लिहितो. तोवर बहुधा उघड्यावरच. मृत्यूच्या नोंदी शून्य, आणि भिंतीवर सगळे बरे झालेले. असा रेकॉर्ड आमच्या मेट्रनलाही ठेवता आला असता.

खापरतुकडा:
नाट्यगृहाचं म्हणाल तर ती मुळात यात्रा होती. दर चार वर्षांनी अस्क्लेपियसचा उत्सव, त्यात कुस्त्या, शर्यती, गाणं-बजावणं. बळीचं मटण हद्दीतच संपवायचं, घरी बांधून न्यायचं नाही. आमच्या गावच्या जत्रेतही हाच नेम. ज्या इमारतीला पूर्वी व्यायामशाळा म्हणत, तिथे पंगती बसायच्या असं आता मानतात.

कॉरिंथच्या म्युझियममध्ये त्याच देवाला वाहिलेले मातीचे हात, पाय, कान आहेत. आपल्याकडे चांदीचे डोळे वाहतात, माउंट मेरीला मेणाचे पाय वाहतात, तसंच ते.

सिस्टरकाकू:
चांदीवरून आठवलं. अथेन्सची अँब्रोसिया, एका डोळ्याने आंधळी. "लंगडे-आंधळे स्वप्नाने बरे होतात म्हणे!" असं म्हणत तिथे हसत फिरली. रात्री देवाने सांगितलं, डोळा देतो, पण तुझ्या अडाणीपणाची खूण म्हणून देवळात चांदीचं डुक्कर वाहायचं. नवसाचं बिल थेट डॉक्टरनेच फाडलं.

रानवाटा:
काकू, ते कोरीव दगड म्युझियममध्ये दाराजवळच होते का? बारीक अक्षरांचे? मी जमाखर्चाचे समजून पुढे गेलो. आता फोटो चाळतोय, एकात बायकोच्या खांद्यामागे अर्धा दिसतोय.